विहीणबाईचं वर्षश्राद्ध अन् ठेच्याचा पास्ता

माही विहीण मेली त्याले आज वरीस झालं, अन् मी पोटभर जेवून आली.

नात, माह्या पोराची पोरगी, टाईप करून राहिली. म्हणते, "आजी, असं नसतात लिहीत. 'आमच्यातून निघून गेल्या' असं लिहितात."
म्हटलं, निघून जायले ती काय माहेरी गेली? मेली. लिही.

शकुंतलाबाई. अकोल्याच्या. माह्या रेखाची सासू.
पदराले इस्त्री कडक. जीभ त्याहून कडक.

आमच्यात रीत आहे. लेकीले लेकरू होत नाई तवर आईनं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाई.
रेखाच्या लग्नाले लय वर्षं झाली. लेकरू झालं नाई.

मंग मी अमरावतीहून अकोल्याले जायची ते आपली भाकर अन् आपली पाण्याची बाटली घेऊन. लेकीच्या सोफ्यावर बसून आपलाच डबा खायचा.
शकुंतलाबाई आल्यागेल्याले सांगे, "यायले वाटते आमी विष कालवतो."

एकदा जावयानं नाटकाची तिकिटं काढली. आमा चौघांची. नाटकाच्या आधी जेवण, तेबी फ्युजन रेस्टॉरंटमधी.

वेटरले म्हटलं, "बापू, फ्युजन म्हंजे काय?"
"आजी, दोन वेगळ्या घरच्या चवी एकत्र करतो आमी."
"अन् पचते लोकायले?"
"पचते ना. शनिवारी जागा भेटत नाई."
"आमी दोघी विहिणीनंबी केलं व्हतं असंच. पोरांच्या लग्नात. अजून ढेकर आली नाई."

शकुंतलाबाई हसली नाई. जावई हसला, मंग आईकडं पाहून थांबला.

ठेच्याचा पास्ता आला. झुणक्याचा टाको आला. टाको म्हंजे पापड वाकवायचा अन् त्यात झुणका कोंबायचा. घरी सुनेनं असं वाढलं असतं तं शकुंतलाबाईनं तिचा बाप काढला असता. इथं फोटो काढला.

जेवण जावयाचं, म्हंजे लेकीच्याच घरचं. मी हात मांडीवर ठेवून बसली.

वेटर माह्या ताटात वाढायले वाकला. शकुंतलाबाईनं त्याचा चमचा अडवला.

"त्यायले नका वाढू. त्यायच्या लेकीले लेकरू नाई."

मोठ्यानं.
बाजूच्या टेबलावरच्या बायायनं माना वळवल्या.
जावई मेनूकार्ड वाचत बसला. जेवण येऊन चुकलं व्हतं तरी.
रेखा खाली पाहून राहिली व्हती.

मी ताट पुढं सरकवलं. "वाढ रे बापू. सगळं वाढ."

अन् खाल्लं.
पास्ता म्हंजे भिजल्या सुतळीले मिरची चोपडलेली. तरी खाल्ला. बोटं चाटली.

शकुंतलाबाई चिडली नाई. तोंड पुसलं अन् हळूच म्हणली,
"पाह्य रेखा. तुह्या आईनंबी आस सोडली."

हुशार बाई. मी तिले मारलं, तिनं ते माह्या लेकीले लागू देल्लं.

रेखा उठून बेसिनकडं गेली. मी मागं.
"आई, काहून खाल्लं तू? तू खात नव्हती तवर मले वाटे, होईल अजून."
"होईल तं होऊ दे. अन् नाई झालं तं? मी मरेस्तोवर तुह्या घरी परकी बसू? तुह्यात काय कमी आहे व माय?"

तिनं तोंड धुतलं. माह्याआधी टेबलाकडं निघून गेली. मले वाटलं, गेली लेक हातची.

नाटक विनोदी व्हतं. लोक खो खो हसून राहिले व्हते, आमी तिघी मयतीले आल्यावानी.

इंटरव्हलले रेखानं कॉफी आणली.
पोराकडच्या विहिणीचा मान पयला. पाण्याचा गिलासबी तिलेच पयला. हे आमच्यात पाळण्यातल्या पोरीले माईत असते.

रेखानं पयला कप मले देल्ला.

शकुंतलाबाईचा हात पुढं आलेला. तसाच राह्यला.
नाटकवाल्यायले असा सीन जमला नाई.

त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं खाणं बंद केलं. पोरानं चहा केला तं पेई, नाई तं बिस्किटं चावत बसे.
मंग लकवा मारला. पोरगा ड्युटीवर. राह्यलं कोण?
रेखा. चमच्या-चमच्यानं पेज.
उघडावंच लागलं ना तोंड, शकुंतलाबाई?

मी बाजूले बसून पाहत व्हती. मले बरं वाटत व्हतं. खोटं काहून बोलू?

रेखानं तिले कदीच टोमणा नाई मारला. तोंड पुसे, पदर सारखा करे. म्हणून तिच्या वाटचं मी बोलून राहिली.

आज वर्षश्राद्धाले रेखानं ताट वाढलं. लेकरू अजून नाई. शकुंतलाबाई, तुमी समोरच, हार घालून, फोटोत.
खीर झकास झाली व्हती. मी दोनदा मागून घेतली.

नात म्हणते, शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहा लागते.
लिही.
भावपूर्ण ते रेखाकडून. ती खरंच रडली.
माह्याकडून नुसती श्रद्धांजली.