बांधावरचं गाऱ्हाणं

भूत, मुंजा, हडळ... असलं काही कानावर आलं की मला हसू येतं — म्हणजे यायचं. मी कुडाळला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. एक्सपायरी वाचल्याशिवाय साधी क्रोसिनसुद्धा न घेणारी बाई!

सासर तारकर्लीला. घरामागे माडांची बाग, तिच्या टोकाला बांध आणि बांधाखाली थेट खाडीपर्यंत कांदळवन. बांधावर एक दगड आहे, तो देवचाराचा. वर्षातून एकदा त्याला रोट, नारळ आणि विडी देतात. माझी इरा इंग्लिश मीडियमला. तिने एकदा विचारलं, "देवचार म्हणजे डेव्हिल ना?" मी म्हटलं, हो, तसलंच काहीतरी. सासूबाई कधी नव्हे त्या भडकल्या.

"सैतान नाय गो तो! आमचो राखणदार आसा."

मी मनात म्हटलं, घ्या! पोरीने दंगा केला की ती सैतान, होडीचं इंजिन रुसलं की ते सैतान, कॅरममध्ये सगळ्यांना हरवणारा दीर तर एक नंबरचा सैतान... आणि विडी ओढणारा हा तेवढा राखणदार!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. घरचे पुरुष लग्नाला गेलेले. दुपारी मी आणि आई, म्हणजे सासूबाई, अंगणात कोकमं वाळत घालत होतो. मान वर केली तर इरा नाही. आधी विहिरीत डोकावले... मग बाग, शेजार. शेवटी बांधाखालच्या चिखलात तिची पावलं दिसली, कांदळवनात शिरलेली. भरती सुरू झाली होती आणि त्या पावलांमध्ये पाणी भरत होतं. मी खाली उतरले ती गुडघ्यापर्यंत रुतले. हाका मारून मारून माझा आवाजच गेला.

आई त्या दगडासमोर उभ्या राहिल्या. खरं तर गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, अशी इथली रीत. आईंनी पदर खोचला आणि कापऱ्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवचारा, आमचा चेडू तुझ्या हद्दीत चुकला. ताका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भरदार, पुरुषी आवाज — एकाचा नाही, जमावाचा. मी वळून पाहिलं. बांधावर आई एकट्याच होत्या. त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा तसंच उत्तर आलं. आणि मुळांच्या जाळीतून कमरेपर्यंत भिजलेली इरा रडत बाहेर आली. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

"एवढी माणसं ओरडत होती म्हणून मी इकडे आले," ती म्हणाली. "कुठे गेली सगळी?"

प्रतिध्वनी म्हणावा, तर त्यातलं 'व्हय' आईंनी उच्चारलंच नव्हतं. त्याला देव म्हणू, सैतान म्हणू की घाबरलेल्या कानांचा भास... पण मग तो इरालाही कसा झाला? मला आजही सांगता येत नाही.

आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "माझ्या सुनेन साथ दिल्यान, म्हणान चेडू गावला." त्यांना माझ्या एकटीचाच आवाज ऐकू आला होता म्हणे.

मी साथ द्यायला तोंड उघडलं होतं, हे खरं. पण माझ्या घशातून एक अक्षरही फुटलं नव्हतं.