ताडावरच्या चिंध्या

रानशेतजवळच्या पाड्यावर रखमीचा आवाज सगळ्यांना ठाऊक. अंगणवाडीत मदतनीस, पण खिचडीचे तांदूळ आले नाहीत तेव्हा रिकामं पातेलं थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन आदळणारी बाई. आज तोच आवाज तिला गिळावा लागला.

अंगणवाडीमागच्या ताडाला ताडीवाल्यांनी चढायला बांबू बांधलाय. पेरापेराला फांदीचा खुंट ठेवलेला, त्यावर पाय द्यायचा. दोन माणसांच्या उंचीवर सहा वर्षांची दिशा बांबूला चिकटली होती, आणि खाली पोरं ओरडत होती, "आणखी एक! आणखी एक!"

खुंटांना बांधलेल्या चिंध्या रखमीला आत्ता दिसल्या. खाली पिवळी, मग निळी, मग हिरवी, सगळ्यांत वर मनिषची लाल. म्हणजे हा खेळ कितीतरी दिवसांचा! दिशाला लालच्या वर आपली बांधायची होती. तिचा एक हात सुटलेला, पाय लटलटत होते.

रखमीच्या तोंडात शिवी आली. पण तिचा स्वतःचा बाप लाहू ताडावर चढणारा. वर असलेल्याला तो कधी हाक मारू देत नसे. माणूस दचकून खाली बघतो, म्हणायचा.

ती मनिषपुढे गुडघ्यांवर बसली. सात वर्षांचा तो, पोरांचा म्होरक्या.

"हळू सांग तिला, उतर म्हणून."

"काकी, तुम्हीच सांगा ना."

"माझं ऐकून उतरली तर तुम्हीच भित्री म्हणाल तिला. तुझंच ऐकेल ती."

"मग ती जिंकली असं होईल."

"होऊ दे की रे!" साहेबापुढे कधी न जोडलेले हात रखमीनं त्याच्यापुढे जोडले.

मनिष लाल चिंधीकडे बघत राहिला. वर बांबू करकरला.

"गप रे सगळे," तो म्हणाला. मग हळूच, "दिशे, तू जिंकली गं. खाली नको बघू. पायानं खुंट चाचप."

एक खुंट. दुसरा. आणखी एक, आणि तिथं पाय घसरला. पण तोवर रखमीचा हात तिच्या कमरेला पोचला होता.

दिशा जमिनीवर आली तसा रखमीचा राग उसळला. मनिषवर हात उगारला, तर सगळी पोरं टक लावून बघत होती. आज याला मारलं तर उद्या कोण कुणाला खाली बोलावेल? हात खाली आला.

"सुरुवात कुणी केली?"

तिनं खालची पिवळी चिंधी सोडली. हातात घेताच ओळखली. तिच्याच जुन्या लुगड्याचा काठ.

पोरांच्या मागं तिची पाच वर्षांची रिया उभी होती.

"आये, मला वाटलं, माझ्या वर कोण जाणारच नाही."