बेकसूर मशीन

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडून त्यांची मुलगी शबाना बोलत होती. "काका, अब्बा गेले... सकाळी चहा पेता पेता." मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवला, राहिलेला गाल पूर्ण केला, वस्तरा धुऊन जागेवर ठेवला आणि मग बायकोला सांगितलं. त्याला आता सहा आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. त्या दिवशी दुपारी बाभुळगावच्या कब्रस्तानात सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकली आणि कडेच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. मागे दोघं जण बोलत होते. "मिस्त्री लय गुणाचा माणूस होता," एक म्हणाला. "होता नं," दुसरा म्हणाला, "पण त्या प्रभाकरबाबूची बोटं त्याच्याच घाईनं गेली." मी वळून पाहिलं नाही. प्रभाकरबाबू म्हणजे मीच.

रशीदभाई आमच्या जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होते. मी विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली काम शिकायला लागलो. आमच्या घरात मी पहिलाच कारखान्यात जाणारा. वडिलांनी पाठवताना मिस्त्रींना हात जोडले होते. रशीदभाईंनी त्यांचे हात खाली केले आणि म्हणाले, "पोरगं तुमचं आहे, काका, पण इथं माहं." वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं ड्रिल मशीन होतं. माणसाएवढा बिडाचा खांब, त्यावर चाकं, आणि छतातल्या दांड्यावरून उतरणाऱ्या पट्ट्यावर ते फिरायचं. परदेशी बनावटीचं होतं म्हणे. एवढ्या वेळा रंगवलेलं की त्यावरचं नाव कुणालाच वाचता येत नव्हतं. त्या मशीनवर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. लोखंडी पट्टीला चार भोकं पाडायची होती. रशीदभाईंनी ड्रिल खाली आणणारा दांडा ओढला, पट्टी ड्रिलमध्ये अडकली, गर्रकन फिरली आणि पट्टी धरलेला माझा हात... पुढचं मला फारसं आठवत नाही. यवतमाळच्या दवाखान्यात जाताना जीपमध्ये त्यांनी माझा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळून धरला होता, एवढं आठवतं.

मालकासमोर ते सरळ म्हणाले, "शिकंजा कसला का नाही, मी पाह्यलं नाही. चूक माही आहे." शिकंजा म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड. ती कसलेली असली की पट्टी फिरत नाही. त्यांनी चूक पत्करली म्हणून मला काढून टाकलं नाही, ऑफिसात बसवलं. मी डाव्या हाताने लिहायला शिकलो, गेटपास लिहू लागलो, मग पत्रं, आणि हळूहळू वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून असं काहीबाही. रशीदभाई मात्र हेडमिस्त्री कधी झाले नाहीत. त्यांच्या हाताखालचे दोघं झाले. जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसच्या दाराशी यायचे आणि विचारायचे, "जेवला काय?" एकोणीस वर्षं रोज हेच. त्या दिवसाबद्दल ना ते बोलले, ना मी.

मग कापसाची ती वर्षं आली. कापूस पिकेना, पिकला तर भाव नाही, फाटकासमोर गाड्यांची रांग लागायची तिथे बकऱ्या चरू लागल्या. एका हंगामात फॅक्टरी उघडलीच नाही. यंत्रं भंगारवाल्याकडे जाऊ लागली. तेव्हा रशीदभाईंनी मालकाकडून एकच वस्तू मागून घेतली. ती घरी आणली तेव्हा भाभी, म्हणजे त्यांची बायको रुकय्याभाभी, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. "ज्या मशीननं पोराचा हात खाल्ला तेच घरात कायले आणलं?" असं त्यांचं म्हणणं. मीसुद्धा महिनाभर तिकडे फिरकलो नाही. शेवटी रशीदभाईच सायकलवर आमच्या घरी आले, अंगणातच उभे राहिले. "ते तसंच इकलं असतं तर दुसरं कोणी चालवलं असतं," ते म्हणाले. "मले त्याचा दोष शोधायचा आहे. तू येशील काय? हात लावू नको. निसता बस."

त्यांच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती, पूर्वी तिथे सरपण असायचं. दर रविवारी मी तिथे स्टुलावर बसू लागलो. ते काम दीड वर्ष चाललं. आधी त्यांनी पूर्ण मशीन उघडलं आणि प्रत्येक नट, प्रत्येक वायसर जुन्या चादरीवर ओळीने मांडला. गंज असा धरला होता की काही बोल्ट रॉकेलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवले तेव्हा हलले. पत्र्याने रंग खरवडताना वर राखाडी, त्याखाली हिरवा आणि सगळ्यात खाली शाईसारखा निळा निघाला. एक दात तुटलेलं चाक होतं, ते त्यांनी पितळ भरून कानशीने घासत पुन्हा बसतं केलं. तीन रविवार एका दातावर. वीज दिवसातून काही तासच असायची, पण ते म्हणायचे, "घासाले लाइट लागत नाही." दुसऱ्या महिन्यापासून मी न सांगताच रॉकेलच्या डब्यात छोटे बोल्ट धुऊ लागलो. त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या रविवारी डबा माझ्या डाव्या हाताला ठेवला होता.

सगळं स्वच्छ झाल्यावर त्यांनी आयटीआयच्या मास्तरांकडून काट्याचं मोजमापाचं घड्याळ मागून आणलं. ड्रिल धरणारा मधला दांडा फिरताना हलतो का, ते त्यावर कळतं. त्यांनी दांडा हळूहळू फिरवला, काटा पाहिला, पुन्हा फिरवला. असं दहा-बारा वेळा. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. ते पाय पसरून जमिनीवरच बसले. "एकदम बेकसूर आहे रे हे," ते म्हणाले. "मले वाटत होतं, याच्यातच काही निघंल. काही निघालं तर बरं होईल, असं वाटत होतं..." मग बराच वेळ ते फडक्याने हात पुसत राहिले. "प्रभाकर, एक इचारू? तवा मी तुले म्हटलं होतं, शिकंजा कस आन मंग सांग. जिनचा एवढा आवाज. तू काही बोलला होता काय? का मी बिना ऐकताच दांडा ओढला?"

मी बोललो होतो. शिकंज्याचा स्क्रू जाम झाला होता, हातोडी आणायला पार दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. मी कंटाळलो. पट्टी नुसती हाताने दाबून धरली आणि ओरडलो, "कसला, भाई!" त्यांच्या कानावर माझा शब्द पोहोचला म्हणूनच त्यांनी दांडा ओढला. एवढ्या वर्षांत त्यांचा स्वतःवरचा विश्वास इतका उडाला होता की तो ऐकलेला शब्दही त्यांना खरा वाटेनासा झाला होता.

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला मारलं नसतं, ओरडलेही नसते. माझी ऑफिसातली खुर्चीसुद्धा तेव्हा उरली नव्हती, गमवायला काहीच नव्हतं. तरी मी म्हणालो, "आठवत नाही, भाई." त्यांनी मान हलवली. "मंग माहीच घाई होती," म्हणाले, आणि घड्याळ डबीत ठेवून दिलं.

मशीन चालू झालं. पाण्याच्या पंपाची जुनी मोटर लावली होती. त्यांनी शिकंजा टेबलाला बोल्टने कायमचा जखडून टाकला. पुढची कितीतरी वर्षं आजूबाजूच्या गावांचे लोक कोळपणीच्या डवऱ्याच्या लोखंडी पासा, फवारणीच्या पंपाचे पत्रे, पाळण्याची कडी घेऊन त्यांच्याकडे येत. प्रत्येक कामाला ते शिकंजा कसायचे, मग हाताने हलवून पाहायचे, मग पुन्हा कसायचे. समोरचा माणूस कंटाळायचा. मी स्टुलावर बसून ते पाहायचो. प्रत्येक रविवारी मनात यायचं, आज सांगू. मग चहा यायचा.

दफनानंतर आठ दिवसांनी मी भाभींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत. माझं बोलणं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मले सांगून काय होते, भाऊ? ते झोपीत उठून बसत. म्हणत, मी ऐकलं नाही, रुकय्या, मी ऐकलंच नाही. ज्याइले सांगाचं, ते तर गेले." त्या रडल्या नाहीत, मीही नाही. मी तिथून उठून कब्रस्तानात गेलो, त्यांच्या मातीजवळ उभा राहून मोठ्याने सांगितलं, "भाई, मी 'कसला' म्हणालो होतो. तुम्ही बरोबर ऐकलं होतं." आमच्यात मेलेल्या माणसाला ऐकू येतं असं कुणी मानत नाही. तरी सांगितलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

म्हणून हा लेख लिहिला. काल तो पाकिटात घालण्याआधी भाभींना वाचून दाखवला. त्यांना मराठी वाचता येत नाही. शेवटपर्यंत त्या भिंतीकडे पाहत ऐकत होत्या. मी कागद घडी केला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे असंच छापतीन काय? तुमचं नाव टाकून?"

"हो," मी म्हणालो.

"मंग त्या दिवशी दोन पेपर आणा. एक मले." त्या उठल्या आणि दाराबाहेर हात करून रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. सकाळची वेळ होती, बाकांवर माणसं बसलेली होती. "आन दुसरा तुमी सोता तिथं जाऊन वाचा, भाऊ. सगळ्याइले ऐकू जाईल असा वाचा."