बर्गन ते इन्व्हरनेस, एक तास

"तुझ्या साइटवर स्वच्छ एक तास लिहिलंय," सुलभाकाकू फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाल्या. "मग ह्या पोरींना एकमेकींकडे जायला काय धाड भरलीय?"

काकू अमेरिकेत, रेडमंडला आमच्या शेजारी, मुलाकडे राहतात. थोरली मुलगी शर्वरी स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला डॉक्टर. धाकटी गौरी नॉर्वेत, बर्गनला. वडिलांच्या आजारपणात कोण आलं आणि कोण नाही, यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. काकूंनी आमच्या साइटचं ते पान दोघींनाही पाठवलं. दोघींचं उत्तर एकच आलं: एका तासाचं तर आहे, मग तीच का येत नाही? तिकीट मात्र एकीनेही बघितलं नव्हतं.

मी त्या ट्रॅव्हल साइटवर सॉफ्टवेअरचं काम करते. कुठलेही दोन एअरपोर्ट टाका. आमचा प्रोग्रॅम पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत आखूड रेघ काढतो, तिची लांबी मोजतो आणि विमानाच्या वेगाने भागतो. झाला फ्लाइट टाइम! त्या रेघेवरून विमान जातं का, हे तो बघतच नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या रेघा फार आवडतात. बाहेर रेडमंडचा न संपणारा पाऊस आणि स्क्रीनवर उत्तर समुद्र ओलांडून गेलेली बारीक कमान. बघता बघता आपणच तिच्यावरून तरंगत चाललोय असं वाटतं. खाली राखाडी पाणी, बेटं, एखादी एकटी बोट. कितीदा कॉफी गार होते.

पण या दोन गावांमध्ये थेट विमानच नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅमला उतरायचं, ताटकळायचं, दुसरं पकडायचं. सगळा दिवस मोडतो.

मी मॅनेजरकडे गेले. मंदार नागपूरचा, गडी मोकळा.

"यार, पेज किती क्लीन दिसतं," तो म्हणाला. "नो डायरेक्ट फ्लाइट लिहिलं तर लोक पळतील."

"विमान नाही तिथे एक तास लिहिणं म्हणजे थाप आहे."

"थाप नाही, मॅथ आहे."

"मग मॅथवर बसून जाऊन दाखव."

तो हसला. "कर चेंज. साइटचा ट्रॅफिक पडला तर तू एक्सप्लेन करायचं."

पान बदलण्याआधी मी काकूंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातला फोन पालथा ठेवला. "एक तास आहे म्हणून आशा होती गं. आता दिवसभराचं म्हटलं की संपलंच." तरी मी पान बदललं: थेट विमान नाही, अ‍ॅमस्टरडॅमला उतरून सगळा दिवस. काकूंनी ते रागारागातच मुलींना पाठवून दिलं.

मग बरेच दिवस काही नाही. एका रविवारी काकू स्वतःच दारात.

"अगं, अ‍ॅमस्टरडॅमला भेटल्या दोघी! शर्वरीनेच गौरीला कळवलं, तुलाही तिथे उतरावं लागतं, मलाही. तिथेच ये."

"आणि?"

"आधी कडाकडा भांडल्या म्हणे. मग बोलत बसल्या, आणि गौरीचं परतीचं विमान चुकलं." काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मलाही रडू आलं.

ट्रॅफिक थोडा पडलाच. मंदार अजून टोमणे मारतो. मी एवढंच शिकले: जवळ आहे म्हटलं, की माणूस समोरच्याची वाट बघत बसतो. लांब आहे हे कळलं, की निदान अर्ध्या वाटेवर येतो.