बोअरवाल्याचं सरबत
आमच्या गारखेड्यात बोअर घेणारा तो माणूस मशीन बंद असतानाही ओरडूनच बोलतो. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून प्रत्येक बोअरचा चुरा तो मला आणून दाखवतो.

एकदा त्यानं विचारलं, "सर, हा काळा दगड येतो कुठून? खाली रस उकळतोय व्हय?"

"नाही, खूप खाली खडक घट्टच असतो. तो तापलेला खडक वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातला थोडासाच भाग वितळतो. तो रस मूळ खडकापेक्षा वेगळा असतो. तोच वर येऊन थिजला, की आपला काळा दगड."

"थोडाच वितळतो, आन् वर येगळा? नाय पटत," म्हणत तो गेला.

दुसऱ्या दिवशी गोठवलेल्या गुलाब सरबताची बाटली घेऊन हजर! आधी वितळून सुटलेलं सरबत त्यानं पेल्यात ओतलं. ते लालभडक, गोडमिट्ट होतं. बाटलीत फिकट बर्फ उरला होता.

"गोड तेवढं आधी सुटलं, सर. पटलं!"

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी त्याला थेट वर्गात नेलं. तिथं बाटली दाखवताना त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. एका मुलीनं विचारलं, "पण दाब कमी झाल्यावर खडक वितळतो का?"

त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "ते सरांना इचारा. आपण सरबतापुरतं."