करंटचाचा आणि सुटलेली वायर

बिघडलेली गाडी समोर आली की करंटचाचा आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहत. डोळे अर्धवट मिटलेले, मान किंचित कललेली. हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रकचे हॉर्न वाजत असत, फळवाले हाका मारत असत, आणि हा उंच, सडपातळ माणूस कुठल्या तरी दुसऱ्याच गावी गेल्यासारखा दिसे. मिनिटभराने परत येऊन विचारी, "काल कुठे उभी होती ही? समुद्राकडे?" बहुतेक वेळा ते खरं असे.

अठ्ठ्याण्णव साली मी तिठ्यापासून जवळच दवाखाना उघडला आणि एक जुनी गाडी घेतली, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांचं खरं नाव हसन. मस्कतच्या एका गॅरेजात बारा वर्षं गाड्यांचं वायरिंग करून ते परतले होते आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करत.

एका सकाळी माझी गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं. बॅटरी गेली, असं ज्याने त्याने सांगितलं. चाचांनी मात्र बॅटरीखालची एक गंजलेली पट्टी दाखवली. "बॅटरी बरी हाय, बाई. करंट लाल वायरीतून जातो, काम करतो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येतो. पत्र्याला बॅटरीशी जोडते ती ही पट्टी. खाऱ्या हवेनं खाल्लीन तिला. जायला वाट हाय, परतायला नाय. मग तो जाईल कशाला?" त्यांनी ती घासून चकचकीत केली, परत आवळली, आणि गाडी सुरू झाली.

वायर सोडताना ते स्वतःशीच पुटपुटत, "आधी काळी." बॅटरीची काळी वायर आधी सुटली की करंटची परतीची वाट बंद, मग लाल सोडताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. याच्यापुढे जाऊन ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीत, सीटखाली हाताला येईल असं बॅटरीचा करंट तोडायचं एक फिरतं बटण बसवून देत. नको म्हटलं तरी बसवत. "धडक बसली की हे आधी फिरवायचा. मग रडायचा, मग भांडायचा," असं बजावत. ड्रायव्हर लोक हसत. ईदच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातही चाचांचा दहा नंबरचा पाना असे, त्यालाही हसत.

दुरुस्तीनंतर गाडी तपासायला ते आरे-वारेच्या चढावरच नेत. माझ्या गाडीची ती पट्टी घासली त्या दिवशी मी सोबत होते. वर पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली. खाली आरे आणि वारे हे दोन्ही किनारे दुपारच्या उन्हात धूसर झाले होते. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते कळत नव्हतं. मग मी पान्याबद्दल विचारलं.

"इब्राहिम म्हणून माझा दोस्त होता," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "आमच्याच खाडीवरचा. मस्कतला एकाच खोलीत राहायचो. वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. मी मागच्या गाडीत. त्याला फार लागला नव्हता. पाय तेवढा अडकला होता. माझ्याशी बोलत होता. पण गाडी चालू करतो त्या सेल्फची जाड केबल पत्र्याखाली चेंगरली होती, ठिणग्या उडत होत्या, आणि पेट्रोल गळत होता. त्या केबलला फ्यूज नसतो, बाई. सेल्फला एकदम फार करंट लागतो ना. वायर सोडायची तर पाना पाहिजे. पाना माझ्या गाडीत. मी तो आणायला पळालो. परत पोचलो तवर गाडी पेटली होती."

त्यांनी गाडी सुरू केली आणि म्हणाले, "त्याच्या घरी मी अजून गेलो नाय. भाभीला काय सांगू?"

पाच-सहा वर्षांनी एका दुपारी गणपतीपुळ्याहून परतणारी एक मोठी परदेशी गाडी तिठ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या दगडी कुंपणावर, चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा चाचा पाना घेऊन धावतच येत होते. आत नवरा-बायको होते. हवेच्या पिशव्या फुगल्यामुळे दोघं शुद्धीवर होती, पण नवऱ्याचे पाय अडकले होते. पेट्रोलचा वास सुटला होता. पुढे बॅटरी दिसेना, तेव्हा चाचांनी डिकी उघडली आणि तिथेच थबकले.

जाड केबल आधीच सुटून बाजूला पडली होती. टोकाला थोडी काजळी होती. मात्र गाडीचे चारही पिवळे दिवे शांतपणे उघडमीट करत होते.

"कोणी सोडली?" त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं. कोणीच सोडली नव्हती. आम्ही पहार लावून त्या माणसाला बाहेर काढलं. ठिणगी उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या मेकॅनिकने सांगितलं. "धडक जोराची असली की गाडीतला छोटा कॉम्प्युटर हवेच्या पिशव्या फुगवतो, आणि त्याच वेळी बॅटरीवर केबल धरून ठेवणाऱ्या या क्लॅम्पलाही हुकूम देतो. यात फटाक्यातल्यासारखा दारूचा इवलासा दाणा असतो. तो फुटतो आणि सेल्फची केबल बाहेर ढकलली जाते. बारीक वायरी तशाच राहतात, म्हणून दिवे चालतात, दारांची कुलपं उघडतात."

"किती वेळ लागतो?" चाचांनी विचारलं.

"डोळ्याची पापणी लवायच्या आत."

चाचांनी वाकून क्लॅम्पवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा क्लॅम्प मला द्याल?" फुटलेला क्लॅम्प बदलायचाच होता, मेकॅनिकने दिला.

त्या रविवारी त्यांनी मला गाडी चालवायला सांगितलं. क्लॅम्प मांडीवर घेऊन ते शेजारी बसले. खाडीकाठी माडांमध्ये इब्राहिमच्या बायकोचं, फातिमाभाभींचं घर होतं. चाचांनी क्लॅम्प त्यांच्यासमोर ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं: ती गाडी, तो रस्ता, तो पाना. मी दाराशी उभी होते. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं.

भाभींनी ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "अशी तेव्हा नव्हती?"

"नव्हती."

"मग तुझा काय चुकला, हसन? तो शेवटचा काय बोलला ते सांगणारा तू एकटाच होतास. मी वीस वर्षं वाट बघितली."

चाचा खूप वेळ रडले. मग त्यांनी इब्राहिम काय बोलत होता ते सांगितलं. ते मी ऐकलं नाही. मी अंगणात गेले होते.

त्यानंतर दर शुक्रवारी ते खाडीवर जात. भाभींच्या घराचं सगळं वायरिंग त्यांनी नव्याने करून दिलं.

चार वर्षांनी चाचा झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा बायकांच्या खोलीत त्यांच्या पत्नीशेजारी फातिमाभाभी बसल्या होत्या. कोणीतरी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, या कोण. भाभींनी मला जवळ बसायला जागा केली आणि म्हणाल्या, "माझ्या भावाला माझ्या दारात घेऊन आल्या, त्या."