पिराजी हवालदारांचा सातवा नियम

आमच्या भिंतीला भिंत लागून पिराजी हवालदार राहतात. वय ऐंशी. पहाटे साडेपाचला ते अंगणात येऊन घसा साफ करतात आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या निम्म्या गल्लीला उठायची वेळ झाल्याचं कळतं. उरलेल्या निम्म्या गल्लीला बाळाबाई काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, उठवतात. कारण घसा साफ करण्यावरून त्यांचं रोज एकदा वाजतं. एवढ्या वर्षांत मी गजराचं घड्याळ विकत घेतलेलं नाही.

हवालदारांविषयी गल्लीत बऱ्याच गोष्टी चालतात. त्यातल्या निम्म्या मीच सोडलेल्या असल्यामुळे त्यांच्या खरेपणाची हमी मी देऊ शकत नाही. ते झोपताना चपला टाचा जुळवून ठेवतात, हे खरं आहे. भाजीवालीला त्यांनी वांगी उंचीप्रमाणे लावायला लावली, हे मी वाढवलेलं आहे. पण आता जे सांगतोय त्यात पदरचं काही घालावं लागलं नाही.

हवालदारांची एक संघटना आहे. एकाहत्तरच्या लढाईत एकाच पलटणीत असलेले, कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतले एक्केचाळीस जण. एक्याऐंशी साली त्यांनी ती काढली आणि पेठेतल्या तालमीने माडीवरची खोली त्यांना वापरायला दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला सभा. सभेत काम काय, तर हजेरी. नऊच्या ठोक्याला हवालदार दाराला अडसर घालतात, आतले सगळे सावधान उभे राहतात आणि ते एकेक नाव पुकारतात. पूर्ण एक्केचाळीस. जो वारला त्याचंही नाव गाळत नाहीत. त्याच्या नावाला त्याचा जवळचा कुणी साथीदार ‘हाजीर’ म्हणतो. ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याने स्वतः जाईपर्यंत सांभाळायचे. मग वयाने सगळ्यात लहान असेल तो चहा करतो आणि सभा सुटते.

सगळ्यात लहान कृष्णातराव. ते आता बहात्तर वर्षांचे आहेत. चव्वेचाळीस वर्षं तेच चहा करतायत, कारण त्यांच्यापेक्षा लहान कुणी त्या लढाईत आता भरती होण्याची सोय नाही.

संघटनेचे नियम हवालदारांनीच हजेरीच्या वहीत लिहिले. त्यातला सातवा असा, की सलग तीन सभांना किमान पाच सभासद प्रत्यक्ष हजर नसतील तर संघटना आपोआप बंद. खोली तालमीला परत आणि हजेरीची वही कायमची कपाटात. नियम बदलायचा म्हटला तरी पाच जण समोर हवेत. तेव्हा सगळे ऐन उमेदीतले गडी. “एक्केचाळिसात पाच माणसं रविवारची उठून येत नसतील तर काय चाटायची हाय व्हय संघटना?” असं हवालदार भर सभेत म्हणाले होते म्हणे. टाळ्या पडल्या होत्या.

यंदाच्या जानेवारीत हयात होते सहा. हवालदार आणि कृष्णातराव, मुरगूडचे गणपतराव, गारगोटीचे विजयसिंह, आणि शिरोली एमआयडीसीजवळ राहणारे भैरू आणि ईश्वरा. हे शेवटचे दोघे एकमेकांचे व्याही. दोस्ती घट्ट व्हावी म्हणून त्यांनी पोरांची लग्नं लावली आणि लग्नातल्या आहेरावरून दोघांचं बोलणं बंद झालं. पण सभेला येतात एकाच रिक्षातून, दोन बाजूंना तोंडं करून.

जानेवारीत गणपतराव गोठ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. विजयसिंहांचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन. सभेला चारच. फेब्रुवारीत विजयसिंह डोळ्यांवर काळा चष्मा लावून आले, म्हणजे पाच व्हायला हरकत नव्हती. मी खाली तालमीच्या कट्ट्यावर पेपर वाचत होतो, म्हणजे बघत होतो. नऊ वाजले, वर अडसर पडल्याचा आवाज आला, आणि नऊ वाजून चार मिनिटांनी कृष्णातराव पितळी किटली घेऊन जिना चढले. चहाचं दूध आणायला ते गंगावेशीत गेले होते. तिथे म्हैस समोर पिळून दूध देतात आणि त्या दिवशी म्हैस पान्हा सोडेना.

त्यांनी दार वाजवलं. किटलीची कडी वाजवली. “हवालदार, चार मिन्टं झाल्यात. दूध हाय हातात,” म्हणाले. अडसर निघाला नाही. पुन्हा एकदा कडी वाजवली. मग किटली उंबऱ्याशी ठेवून खाली आले.

“काय म्हणतोय पेपर?” मला विचारलं.

“विशेष काही नाही.”

“मग वर काय बघायला लागलाईसा?” आणि गेले.

आत चौघांची हजेरी झाली. चहा झाला नाही. बाहेर पडताना विजयसिंह किटलीकडे बघून म्हणाले, “दूध तर आलंय की. करणारा कुठं हाय?” हवालदार जिना उतरून गेले. त्यानंतर अकराव्या दिवशी विजयसिंह झोपेतच गेले.

आता उरले पाच आणि लागणार होते पाच. त्यातले एक मुरगूडला खाटेवर, आणि कृष्णातरावांनी विजयसिंहांच्या मातीला भेटल्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “माझं नाव पुकारू नका. दारात उभ्या असलेल्या माणसाला गैरहजर लावणाऱ्याची हजेरी मला नको.”

हवालदार त्या दिवसापासून गप्प झाले. पहाटे घसा साफ होईना. गल्ली उशिरा उठू लागली. बाळाबाई काकू भिंतीवरून मला म्हणाल्या, “ह्यांनी चार मिन्टासाठी दोस्त घालवला, आणि मला म्हणत्यात भाकरी कडक झाली.”

मी गेलो. हवालदार वही मांडीवर घेऊन बसले होते.

“काका, गणपतरावांना मोबाइलवर दाखवू की. तिकडनं हाजीर म्हणतील.”

“नियमात ‘प्रत्यक्ष’ लिहिलंय.”

“नियम लिहिला कुणी?”

“मीच.”

“मग बदला की.”

“बदलायला पाच लागत्यात. आणि पाच असती तर बदलायचं कशाला?” त्यांनी वहीवर हात फिरवला. “हे बघ, खोली गेली तर जाऊ दे. खोली तालमीचीच हाय. पण ही गेलेल्यांची छत्तीस नावं आहेत. घरात त्यांच्या तसबिरी आहेत, पोरंबाळं हार घालत्यात. पण हाक मारतंय कोण? महिन्यातनं एकदा कुणीतरी ‘शिपाई अमुक तमुक’ म्हणून हाक मारतंय आणि कुणीतरी ओ देतंय, ते इथंच. मार्चचा रविवार चुकला की संपलं. आणि ते माझ्या हातनं संपलं.”

काकू आतून पीठ मळता मळता म्हणाल्या, “त्या वहीत खोलीचं नाव लिवलंय व्हय?”

हवालदारांनी नियम तीनदा वाचले. चष्मा पुसून परत वाचले. सभा कुठे घ्यायची हे कुठेच लिहिलं नव्हतं.

“सभा मुरगूडला,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “तुझी ओम्नी चालू हाय न्हवं?” म्हणजे विचारणं संपलं होतं.

राहिले कृष्णातराव. शनिवारी सकाळी मी हवालदारांना घेऊन फुलेवाडीला गेलो. ती पितळी किटली त्यांनी घासून चकचकीत करून मांडीवर घेतली होती. नऊला पोचायचं ठरलं होतं, पण माझ्या ओम्नीचं दार दोरीने बांधावं लागतं आणि ती रंकाळ्याजवळ सुटली. कृष्णातराव दारात उभे होते. त्यांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं.

“नऊ वाजून सहा,” म्हणाले, आणि आत जाऊन कडी घातली.

मला हसू आवरेना म्हणून मी गाडीत बसलो. हवालदार पायरीवर बसले. आतून भांड्यांचा आवाज, टीव्हीचा आवाज. शेजारची एक बाई येऊन विचारून गेली, “पावणं, घरात न्हाईत काय कोण?” हवालदार म्हणाले, “हायत. मी उशिरा आलोय.” पाऊण तास गेला. मग ते तसेच, दाराकडे पाठ करून बोलले.

“कृष्णा, किटलीची कडी वाजली होती. ऐकली मी. सगळ्यांस्नी सांगितलं ऐकू आलं न्हाय म्हणून. दोन्ही बारीला ऐकली.”

टीव्ही बंद झाला.

“विजयसिंह जाताना म्हणाला, चहा करणारा कुठं हाय. त्याला मी काय सांगायचं होतं?”

आतली पावलं दाराशी आली. मग कडी निघाली. कृष्णातराव उंबऱ्यावर उभे राहिले, किटलीकडे बघितलं, हवालदारांकडे बघितलं.

“चिंच लावून घासलीसा काय?”

“व्हय.”

“उद्या निघायचं किती वाजता?”

रविवारी साडेसहाला निघालो. शिरोलीहून भैरू आणि ईश्वरा आदल्या रात्रीच हवालदारांकडे येऊन राहिले होते, दोघांच्या मध्ये उशीची भिंत घालून. ओम्नीत मी दोघांना शेजारी बसवलं, कारण दुसरी जागाच नव्हती आणि मला गंमत बघायची होती. कागलपर्यंत भैरू मला सांगत होते, “ह्यांना म्हणावं पाय आत घ्या.” आणि ईश्वरा मला सांगत होते, “ह्यांना म्हणावं पाय आतच हाय.”

मुरगूडला गणपतरावांच्या सूनबाई, संयोगिता, दारातच म्हणाल्या, “मामांजी हल्ली विसरत्यात. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत न्हाय. काही चुकलं तर मनावर घेऊ नका.” गणपतराव सोप्यात, म्हणजे पुढच्याच खोलीत, खाटेवर होते. दाढी केलेली, छातीवर पदकं लावलेली, पांघरूण कमरेपर्यंत.

नऊ वाजायला आले तसे हवालदार सवयीने दाराकडे गेले. हात अडसर शोधत चौकटीवर फिरला. तिथे अडसर होता. त्यांनी तो बघितला आणि दार तसंच उघडं ठेवून परत आले.

“सावधान.”

तिघे ताठ झाले. गणपतरावांनी पडल्या पडल्या हात मांड्यांना लावले, हनुवटी वर केली. पांघरुणाखाली एक टाच सरकली, दुसरी सरकेना. ते दात खाऊन ओढू लागले. हवालदार खाटेशी गेले आणि पांघरुणावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. जुळली.”

हजेरी सुरू झाली. मी उघड्या दाराबाहेर गोठ्याजवळ उभा होतो; म्हशी रवंथ करत होत्या आणि आतून नावं येत होती. भैरूंच्या पाच नावांना भैरू, ईश्वरांच्या पाच नावांना ईश्वरा. सकाळची न्याहारी न आठवणाऱ्या गणपतरावांनी आपल्या वाट्याच्या सातही जणांना अचूक ओ दिली, एकदाही हवालदारांना थांबावं लागलं नाही. मग विजयसिंहांकडे सोपवलेलं पहिलं नाव आलं. ओ देणारेच नव्हते. हवालदारांनी नाव परत पुकारलं, जरा हळू.

“हाजीर,” कृष्णातराव म्हणाले.

विजयसिंहांकडचे पाचही कृष्णातरावांनी घेतले. आणि शेवटी सदतिसाव्या नंबरला विजयसिंहांचं स्वतःचं नाव आलं, त्यालाही तेच म्हणाले, “हाजीर.”

हजेरी संपल्यावर कृष्णातराव सवयीने आत चुलीकडे वळले. हवालदार आडवे आले. “बस,” म्हणाले, आणि किटली घेऊन स्वतः स्वयंपाकघरात गेले. ती किटली घासली ते सोडलं तर लग्नापासून त्यांनी घरात पाण्याचा तांब्या उचललेला बाळाबाई काकूंनी बघितलेला नाही. संयोगिता घाबरून बाहेर आल्या. थोड्या वेळाने दूध उतू गेल्याचा वास आला, मग चहा आला, तसा मीही आत गेलो.

“साखर पडली न्हाय, हवालदार.”

“पडली हाय. ढवळली न्हाय.”

“मग तेवढं कोण करायचं?”

“तू कर. लहान हाईस.”

गणपतराव हसले तशी पदकं वाजली. कप खाली ठेवून हवालदारांनी वही उघडली. पाच जण हजर आहेत तोवर सातवा नियम बदलायचा आहे, म्हणाले. पेन कृष्णातरावांच्या हातात दिलं. “‘पाच’ खोड. तिथं ‘एक’ लिही.”

“तीन लिवूया की,” ईश्वरा म्हणाले.

“दोन,” भैरू कधी नव्हे ते थेट व्याह्यांना म्हणाले.

“एक,” हवालदार म्हणाले. “शेवटी जो ऱ्हाईल त्याला हजेरी घ्यायला दुसऱ्या कुणाची वाट बघाय लागू नये.”

कृष्णातरावांचं पेन थांबलं. खोलीत कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या कपात बघत होते. त्यांनी ‘पाच’ खोडलं, ‘एक’ लिहिलं, खाली तारीख घातली.

“म्हंजे परत माझ्याच गळ्यात,” म्हणाले.

परतीच्या वाटेला वही त्यांच्याच मांडीवर होती. माझ्या शेजारी हवालदार खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते. मागे दोन्ही व्याही एकमेकांच्या खांद्यावर झोपले होते, ते मी आरशातून बघून ठेवलं आहे, पुढे उपयोगी पडेल. त्यांच्या पलीकडून कृष्णातरावांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. स्वतःकडची नावं संपवून ते दुसऱ्यांकडची पाठ करत होते. नंबर, नाव, गाव. अडखळले की मागे जाऊन परत सुरू. कागलच्या अलीकडे ते गणपतरावांकडच्या नावांवर आले.

“बावीस,” ते म्हणाले आणि नाव घेतलं.

“तेवीस,” हवालदार डोळे न उघडता म्हणाले. “बावीसला त्याचा भाऊ हाय.”

“तेवीस,” कृष्णातराव म्हणाले, आणि पुन्हा एकपासून सुरू झाले.